कोण कोणाला म्हणतंय?

मागच्या दिवाळीनंतर आमच्या सासूबाई कल्याणला मोठ्या दिरांकडे कायमच्या राहायला जाणार असं ठरलं. मला ते नको होतं. पण मी तसं कोणालाच बोलले नाही, कारण आमच्या घरात मनातलं सोडून बाकी सगळं बोलायची पद्धत आहे. ते पुढे कसं निस्तरलं हे सांगायचं, तर आधी माझ्या कामाचं सांगावं लागेल.

परदेशी मालिकांच्या खाली मराठीत जी अक्षरं पळतात ना, ती मी लिहिते. हे ऐकलं की लोक डोळे विस्फारून विचारतात, "म्हणजे तुला सगळं आधीच बघायला मिळतं?" डोंबल मिळतं! मला मिळते एक एक्सेल शीट. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे रिकामे चौकोन. चित्र नाही, आवाज नाही, बोलणाऱ्याचं नावसुद्धा नाही. मालिका आधीच फुटली तर काय घ्या, म्हणून मला काम देणाऱ्या एजन्सीचे लोक चित्र पाठवतच नाहीत. त्यांना वाटतं, वाक्य आहे ना समोर, मग अडतंय कुठे?

अडतं ते असं. इंग्रजीत यू म्हटलं की कुत्र्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे त्यात बसतात. मराठीत मला आधी ठरवावं लागतं की हा तू आहे की तुम्ही, बोलणारा आला की आली. त्यात ते बारके बारके शब्द. मोठे शब्द बिचारे गुणी असतात, डिक्शनरीत जागच्या जागी सापडतात. जीव खातात ते रोजचे, पहिलीतल्या पोराला येणारे. कोल्ड, शार्प, रिच, फाइन. एकदा 'शी इज वॉर्म' असं वाक्य आलं. आपल्याकडे बाई गरम आहे म्हटलं तर माणूस दोन पावलं मागे सरकतो, तिकडे म्हणे जवळ जातात. आता ती बाई तापाने फणफणलीय, प्रेमळ आहे, की लपाछपीत लपलेल्याच्या जवळ पोचलीय, हे मी कोलशेतच्या वन बीएचकेत डायनिंग टेबलाशी बसून कसं ओळखायचं?

सुरुवातीला मी नवऱ्याला विचारायचे. हे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करतात. त्यांच्या मते प्रत्येक गोष्टीला एकच माप असतं. कोल्ड म्हणजे थंड, पुढचं बोल. असा माणूस संसाराला उत्तम, पण माझ्या कामाला शून्य.

आईंचा त्यात शिरकाव झाला तो मेथी निवडता निवडता. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या राजापूरकडच्या, मराठी सातवी पास, इंग्रजीचा गंध नाही. मी स्वतःशीच पुटपुटत होते, "फाइन, डू व्हॉट यू वॉन्ट... ठीक आहे, तुला हवं ते कर."

"कोण कोणाला म्हणतंय?" आईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग ठीक आहे कसं लिहिलंस? पुरुष म्हणत असेल तर ठीक असेल. बाई म्हणत असेल तर काहीएक ठीक नाहीये."

मी मागची वाक्यं वाचून दाखवली. कोणीतरी उशिरा आलंय, कोणाचातरी फोन लागत नव्हता, जेवण गार झालंय. आईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "बायकोच आहे ती. लिही, 'कर काय करायचंय ते!' आणि ते उद्गारचिन्ह मोठं काढ." महिन्याअखेर एजन्सीच्या बाईंचा मेल आला. त्यांनी नेमक्या त्या वाक्याचं कौतुक केलेलं.

खरं तर मला नवल वाटायला नको होतं. लेकी बोले सुने लागे ही म्हण आईंच्या घराण्यातच जन्माला आली असावी. सुनेला तोंडावर काही बोलणं हा त्यांच्या मते अडाणीपणा. त्या बोलतात मिक्सरशी. "बाबा रे, कालच्या चटणीचे डाग अजून अंगावर वागवतोयस? तुला कोण पुसणार, तू काय लॅपटॉप आहेस?" मिक्सर ऐकून घेतो, मी उठून फडकं घेते. लग्न झाल्यापासून हे ऐकतेय. ज्या बाईने आयुष्यभर एक वाक्य सरळ उच्चारलं नाही, तिला दुसऱ्याच्या वाक्यातला वाकडा अर्थ दिसणारच की!

मग दुपारची आमची शाळाच भरायला लागली. मी वाक्य वाचायचं, शब्दशः अर्थ सांगायचा, आईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारायचं, "कोण कोणाला म्हणतंय?" आणि मग आम्ही दोघींनी त्या माणसांची अख्खी कुंडली मांडायची. 'माय डोअर इज ऑल्वेज ओपन' आलं, तर मी भाबडेपणाने लिहिलं, 'माझं दार तुझ्यासाठी कायम उघडं आहे.' आई फिसकन हसल्या. "म्हणजे येऊ नकोस. ज्याला माणूस यायला हवा असतो तो कधी येतेस विचारतो, दाराच्या गप्पा मारत नाही." पुढची वाक्यं बघितली तर तो तिचा साहेब निघाला, आणि दहा वाक्यांनी त्याने तिला कामावरून काढलीच.

पण त्या दर वेळी बरोबर असायच्या, असं अजिबात नाही हं. तसं मी लिहिलं तर त्या हे वाचून डोक्यावर बसतील. 'शी गॉट कोल्ड फीट'वर त्यांनी तिला पायाला मोहरीचं तेल चोळायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, ती ऐन लग्नाच्या वेळी घाबरलीय. तर म्हणाल्या, मग तर चोळाच. शिवाय त्यांचा एक पक्का सिद्धांत होता, की दोन माणसं गोड बोलत असतील तर ती नवरा-बायको नाहीत. या सिद्धांतापायी त्यांनी कितीतरी सज्जन जोडपी भानगडीत अडकवली.

घोडीचं तर विचारूच नका. वाक्य होतं, 'कम हिअर, ब्यूटिफुल. यू आर माय होल वर्ल्ड.' आणि पुढे, तू गेलीस तर मला रात्री झोप लागत नाही. आमची दुपार त्यात गेली. आईंचं म्हणणं, बायको नाही, बाहेरचीच आहे. माझं म्हणणं, मुलगी असेल, लाडाने बोलत असेल. "मुलीला कोणी सांगतं का, तू गेलीस तर मला रात्री झोप लागत नाही?" शेवटी त्यांचं ऐकून मी लिहिलं, 'ये ना गं, सुंदरी, तूच माझं सर्वस्व.' चार दिवसांनी एजन्सीच्या बाईंचा मेल: 'कृपया दुरुस्ती करावी. हे वाक्य घोडीला उद्देशून आहे.' मी हसून हसून खुर्चीतून खाली यायची बाकी होते. आई अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बायको नाही एवढं तर मी बरोबर सांगितलेलं."

तर हे सगळं असं छान चाललेलं असताना भाऊजींचा, म्हणजे मोठ्या दिरांचा, फोन आला. कल्याणला त्यांनी नवीन मोठा फ्लॅट घेतलेला, त्याचा ताबा मिळाला. फोन स्पीकरवर होता. भाऊजी मितभाषी माणूस, फोनवर बोलतात ते तार पाठवल्यासारखं. "आईसाठी सेपरेट रूम आहे. अटॅच बाथरूम आहे. लिफ्टला बॅकअप आहे. तिला इकडेच आणू म्हणतो."

मला राग आला. आई म्हणजे काय कपाट आहे, जागा झाली म्हणून हलवायला? पण बोलायची सोय नव्हती, कारण म्हणणं रास्तच होतं. आमच्याकडे आई हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. आमची लेक बारावीला, ती त्याच हॉलमध्ये अभ्यासाला बसायची, तिचा दिवा डोळ्यावर येतो म्हणून आई तोंडावर पदर घेऊन पडायच्या. रात्री उठायचं तर अंधारात टीपॉयला ठेचकाळायच्या. त्यांना स्वतःची खोली मिळत असेल तर मी कोण आडवी येणार? मला दुपारी वाक्यं सोडवायला माणूस लागतं म्हणून? छे!

आई म्हणाल्या, "मला काय, कुठेही टाका. म्हाताऱ्या माणसाला कोपरा पुरतो."

मी म्हटलं, "तुमच्या मनासारखं करा, आई."

ह्यांनी विचारलं, "मग भाऊला हो सांगू ना?" कोणीच नाही म्हटलं नाही, म्हणून ह्यांनी हो सांगितलं. तपासणी पूर्ण, शिक्का मारला, माल गेटबाहेर.

दुसऱ्या दिवशी आई मिक्सरला म्हणाल्या, "चला बाबा, आपली इथली सेवा संपली. आता ज्यांचं त्यांना घर मोकळं." मी ऐकलं आणि समजले की निघायची घाई झालीय. वर मी पण काही कमी नाही. भाजी चिरता चिरता लेकीला मोठ्याने सांगितलं, "आजीला आता काय गं, अटॅच बाथरूम मिळणार. आपली आठवण कशाला येतेय!" ते ऐकून आई उठून गॅलरीत गेल्या. झालं! त्या दिवसापासून दुपारची शाळा बंद. मी वाक्यं एकटीने सोडवायला लागले आणि आई पातळांच्या घड्या घालायला लागल्या. दोघींची तोंडं अशी, की ह्यांनी एकदा घाबरून विचारलं, काही जळतंय का?

महिन्याभराने एका रविवारी भाऊजी गाडी घेऊन आले. गाडी वॉचमनला सांगून गेटातच लावलेली, तेव्हा जरा लवकर आटपू म्हणाले आणि पोहे खायला बसले. आईंची बॅग दाराशी. वर औषधांची पिशवी. आई नवीन पातळ नेसून दिवाणाच्या अगदी कडेला टेकलेल्या, बस स्टॉपवर बसतात तशा. मला ते बघवेना. मी डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले, काम आहे असं दाखवायला. समोर घोड्यांच्याच मालिकेचा पुढचा भाग होता. शर्यती, पैजा, तबेला. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, एक वाक्य अडलंय."

"आत्ता?"

"दुपारपर्यंत द्यायचंय." साफ खोटं. मुदत पुढच्या आठवड्यातली होती.

आई आल्या, खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला. सवय वाईट हो! "वाच."

"आय डोन्ट वॉन्ट यू टु गो. म्हणजे, तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

"यात अडण्यासारखं काय आहे? सरळ तर आहे."

"म्हणून तर अडलंय. मराठीत इतकं सरळ कोण बोलतं?"

आईंनी विचार केला. "तेही खरंच. आपल्याकडे म्हणतील, चहा तरी घेऊन जा."

स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज आला, "चहा टाकू का?"

"तुला कोणी विचारलं?" आई. "तुम्हाला कोणी विचारलं?" मी. दोघी एकदम.

आई पुढे वाकल्या. "कोण कोणाला म्हणतंय?"

"एक बाई. दुसऱ्या बाईला."

"मैत्रिणी आहेत?"

"नाही. लग्नामुळे आलेलं नातं आहे."

आईंचा हात चष्म्याच्या काडीवर गेला आणि तिथेच राहिला. "मोठी कोण?"

"जातेय ती."

"मग 'जाऊ नयेस' काय म्हणतेस? अहो-जाहो पाहिजे."

"हो. अहो-जाहोच."

भाऊजी पोहे खात होते. त्यांना वाटलं, नेहमीचं काम चाललंय. आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, जसं काही त्यांना त्यातलं वाचता येत होतं. मग हळू म्हणाल्या, "मग ही धाकटी इतके दिवस तोंडात मूग गिळून का बसलेली?"

"तिला वाटलं, मोठीलाच जायचंय. तिकडे सगळ्या सोयी आहेत."

"आणि मोठीला वाटलं असेल, धाकटीला हॉल मोकळा हवाय. मुलीची बारावी आहे."

"धाकटीने असं कधी म्हटलेलं?"

"म्हटलं नाही. पण 'तुमच्या मनासारखं करा' म्हणाली. सून असं कधी म्हणते? जिथे तिथे हुज्जत घालणारी बाई एकदम मनासारखं करा म्हणते, त्याचा अर्थ माणसाने काय काढायचा?"

यावर मला हसू आलं आणि हसताना डोळे भरले. आईंचा आवाज पण चिरकला. रागाने म्हणाल्या, "मला काय विचारतेस? लिही जा तुला हवं ते."

"लिहायचं नाहीये, आई. शीटमध्ये हे वाक्यच नाहीये. मीच म्हणतेय तुम्हाला. जाऊ नका. मला तुम्ही इथे हव्या आहात. तुम्ही गेलात तर मी दिवसभर भांडू कोणाशी? मला करमायचं नाही हो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी इतकं सरळ बोलले. कान गरम झाले माझे. आईंनी पदराने नाक पुसलं.

"सुटलं का वाक्य?" भाऊजींनी विचारलं. आणि मग आमचे चेहरे बघून त्यांचा चमचा बशीतच राहिला. दारात चहाचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या ह्यांनी भावाला एका वाक्यात सांगून टाकलं, "आई जाऊ नये असं हिला वाटतंय." माणूस कधी कधी कामाला येतो.

भाऊजींनी बशी टीपॉयवर ठेवली. रुमालाने हात पुसले. "काही हरकत नाही. तिला इथे बरं वाटत असेल तर राहू दे इथेच. मी निघतो."

मी मनात म्हटलं, जिंकलो आपण. पण आई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या भाऊजींकडे बघत होत्या, तशाच, जशा अडलेल्या वाक्याकडे बघतात.

"हरकत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे नाही हरकत."

"नीट सांग. बस खाली."

पुढच्या वर्षी रिटायर होणारा माणूस, खाली बसला. गाडीची किल्ली बोटात फिरवली. मग टीपॉयकडे बघत बोलायला लागला. "त्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. प्लंबर विचारत होता, आजींची उंची किती? मला सांगता येईना. मग मी स्वतः गुडघे वाकवून उभा राहिलो, तू उभी राहतेस तसा, आणि म्हटलं इथे लाव. तो हसायला लागला. तरी परत एकदा काढून खाली घ्यायला लावला. फरशी पण बदलली. आधीची गुळगुळीत होती." मग आईंकडे बघितलं. "तू माझ्याकडे कधी राहिलीच नाहीस ना. आधी जागा नव्हती, मग सवय नव्हती. मला पाहिजे होतीस तू."

ह्यांच्या हातातलं पातेलं तसंच. आईंनी विचारलं, "हे मला कधी सांगितलंस रे?"

"सांगितलं की," भाऊजी म्हणाले. "अटॅच बाथरूम आहे, म्हणालो ना फोनवर."

महिनाभर मी त्या बाथरूमला नाकं मुरडलेली. आता मला माझ्या लॅपटॉपकडे बघवेना.

आई उठल्या. भाऊजींच्या पाठीवरून हात फिरवला, तोही उलटा, घाईघाईने, धूळ झटकल्यासारखा. मग दाराशी जाऊन स्वतःच बॅग उचलायला लागल्या. मी पुढे झाले तर माझा हात धरला, आणि घट्ट धरून ठेवला.

"जाते मी याच्याबरोबर," म्हणाल्या. "हा बोलला म्हणून जातेय. तू बोललीस म्हणून परत येणार आहे. दोघंही गप्प बसला असतात ना, तर नुसतीच गेले असते."